शिवणबाईंच्या उजव्या कानामागून

मित्रांनो, थोडे जवळ या. दुसऱ्यांचा आवाज मोठा करण्यात माझे आयुष्य गेले, पण माझा स्वतःचा आवाज फार बारीक आहे. मी एक जुने श्रवणयंत्र आहे. लोक मला कानाचे मशीन म्हणतात. आकाराने मी काजूएवढा. कानामागे बसतो, म्हणून लोकांच्या चटकन नजरेस पडत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर, पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली झाला. तोंडाला फडके बांधलेल्या एका बाईंनी चिमट्याने माझ्या पोटात केसाहून बारीक तारा बसवल्या. मग मला एका खोलीत नेले. तिच्या भिंतींना जाड स्पंज होता आणि आत कसलाच आवाज नव्हता. आपण बहिरेच जन्मलो की काय, या भीतीने माझा जीव गोळा झाला. तेवढ्यात एक बारीक शिट्टी वाजली आणि मी ती टिपली. "पास," कोणीतरी म्हणाले. मी ऐकलेला तो पहिला शब्द.

पुढे मी शिवणबाईंच्या वाट्याला आलो. त्यांनी तीस वर्षे शिवणाचा क्लास चालवला होता. दिवसभर बारा मशीनांची घरघर ऐकून ऐकून त्यांचा उजवा कान पार थकला होता. दुकानदाराने मला त्यांच्या कानावर चढवले आणि माझ्या पाठीवरची कळ दाखवली. "कळ वर असली की नेहमीसारखं ऐकू येईल. ‘टी’ या अक्षरावर नेली की बाहेरचा आवाज बंद. मग फक्त टेलिफोनच्या तारेतून येणारा आवाज हे यंत्र तुमच्या कानात पोचवील."

घरी येऊन त्यांनी कापड कापायला घेतले आणि थबकल्या. "अगंबाई! माझी कात्री एवढी बडबडी आहे?" त्या खुदकन हसल्या. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. रोज मऊ फडक्याने पुसणे, आंघोळीआधी काढून ठेवणे, रात्री सेल काढून डबीत झोपवणे. माझे लाड चालले होते.

आता तुम्हाला त्या परक्या शहराची गोष्ट सांगतो. तेथे शिवणबाई आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघी चार दिवसांसाठी जाणार होत्या. निघायच्या आठवड्यात बहिणीचा पाय मुरगळला. तेव्हा शिवणबाईंचे थोरले बंधू घरी आले.

"एकटी जाणार? तुला धड दाराची बेल ऐकू येत नाही!"

"तिथं बेल मी वाजवणार आहे, दादा. उघडायचं काम त्यांचं."

"थट्टा नको. काही झालं तर?"

"झालं तर येऊन सांगेन," असे म्हणून त्यांनी बॅगेची चेन ओढली.

मित्रांनो, ते शहर काचेचे होते. आगगाड्यांना चालक नव्हते. दारे आपोआप सरकत. हॉटेलात स्वागताला माणूस नव्हता, फक्त संगणकाचा एक पडदा होता. त्याने पासपोर्ट पाहिला आणि खोलीची चावी म्हणून एक कार्ड बाहेर टाकले. लाखो माणसे रस्त्याने जात, पण सगळी हलक्या पावलांनी, हलक्या आवाजात. मला तर काम उरल्यासारखेच वाटेना. त्या स्पंजाच्या खोलीत परत आलो की काय, असे वाटून मी घाबरा झालो.

शिवणबाई मात्र खुशीत होत्या. कापडबाजारात त्या तास तास रेंगाळल्या. एकटीच्या टेबलावर बसून सावकाश जेवल्या. "कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही," असे त्या आरशातल्या स्वतःला म्हणाल्याही.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या बॅग भरायला एकोणिसाव्या मजल्यावर आल्या. चार वाजता टॅक्सी होती. मजला रिकामा होता. जाड गालिच्यात पावले बुडत होती. खोलीचे कार्ड खाली पडले, ते उचलायला त्या वाकल्या, पर्सचा पट्टा मला अडकला आणि माझी कळ ‘टी’वर सरकली.

सगळे गप्प झाले. मग भिंतीतल्या तारांची गुणगुण सुरू झाली. आणि त्या गुणगुणीत एका बाईचा आवाज आला.

भाषा परकी होती. पाच-सहाच शब्द, शांत, संथ. मग थोडे थांबून पुन्हा तेच शब्द.

शिवणबाईंनी गर्रकन मागे पाहिले. कोणी नव्हते. त्यांनी मला कानावरून काढले, तर आवाज गेला. लावले, तर परत आला. त्या चालू लागल्या. खोलीकडे गेल्या की आवाज विरायचा, कॉरिडॉरच्या टोकाकडे गेल्या की स्पष्ट व्हायचा. टोकाला सामानाच्या लिफ्टचे करडे दार होते. त्यावर दुरुस्तीची पाटी लटकत होती. बाईंनी दाराला डावा, चांगला कान लावला. काहीच नाही. पण माझ्यातून तो आवाज आता इतका जवळ आला होता की बोलणाऱ्या बाईचा श्वासही मला ऐकू येत होता.

मित्रांनो, मी कधी खोटे ऐकवले नाही. पण त्या क्षणी मलाच माझी खात्री वाटेना.

त्या धावत खाली गेल्या. पडद्यावर ‘चावी’, ‘बिल’, ‘टॅक्सी’, ‘इतर’ अशी चित्रे होती. त्यांनी ‘इतर’ दाबले. पडद्याने हसून आभार मानले. शेवटी बाहेर उभा असलेला सुरक्षारक्षक त्यांना दिसला. भाषांतर करणारा फोन त्याच्यापुढे धरून त्यांनी सांगितले, "लिफ्टमध्ये कुणीतरी आहे."

तो बिचारा वर आला. दाराला कान लावून त्याने मान हलवली. "लिफ्ट सकाळपासून बंद आहे," फोन म्हणाला. "आपली टॅक्सी आली आहे."

आपल्याला भास होतोय का, दादाचे खरे होते का, असे शिवणबाईंना वाटले असावे. मग त्यांनी मला काढले, पदराला पुसले आणि सरळ त्या रक्षकाच्या कानात धरले.

"आता ऐक रे बाबा."

त्याला मराठी कळले नाही, पण आवाज कळला. तो जिन्याकडे धावला.

पंधरा मिनिटांनी मेकॅनिकांनी पहारीने दार उघडले. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती. आत चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये एक सफाईवाली मावशी बेशुद्ध पडली होती. अंग गार पडले होते, पण श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर काही खरे नव्हते.

"बरं झालं, ती बोलत राहिली," शिवणबाई फोनमध्ये म्हणाल्या.

रक्षक हळू बोलला आणि फोनने ते मराठीत सांगितले. "ती बोलत नाही. जन्मापासून मुकी आहे. आणि लिफ्टमधल्या धोक्याच्या बटणाची तार मेकॅनिकांनी सकाळीच काढून ठेवली होती."

"मग तो आवाज काय म्हणत होता?"

"‘ती आत आहे. अजून वेळ आहे.’ एवढंच."

स्ट्रेचरवरच्या मावशीने तेवढ्यात डोळे उघडले, शिवणबाईंकडे पाहिले आणि त्यांचा हात घट्ट धरला. टॅक्सी खोळंबली होती. विमान जेमतेम मिळाले.

घरी त्यांनी हे फक्त बहिणीला सांगितले. बहीण हसली नाही. "ताई, मग आवाज कुणाचा होता गं?"

"विचारायला थांबले नाही. विमान होतं."

या गोष्टीला सात वर्षे झाली. आता बाईंच्या कानावर चार्जिंगचे नवे यंत्र आहे. ते हुशार आहे, नाजूक आहे, पण त्याला ‘टी’ची कळ नाही. मी सुयांच्या खणात पडून राहिलो. खणातल्या पहिल्या वर्षी तर सेल माझ्या पोटातच विसरला गेला. तो फुटून पाझरला आणि सेलला टेकणाऱ्या माझ्या पट्ट्या गंजून हिरव्या झाल्या. ते दुखणे मी अजून विसरलो नाही.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. जुने यंत्र ठेवून देताना त्याचा सेल काढा. त्याला कोरडे ठेवा. चालू असेल तर गरजवंताला द्या. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यावर ओरडू नका, समोर येऊन सावकाश बोला. आणि त्यांनी काही ऐकले असे सांगितले, तर हसण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर चालून पाहा.

पुढे शिवणबाईंनी माझ्या त्या हिरव्या पट्ट्या घासून साफ केल्या. दर रविवारी सकाळी त्या मला नवा सेल घालतात, कळ ‘टी’वर नेतात आणि खिडकीशी बसतात. तारांची नुसती गुणगुण असते. दहा मिनिटांनी त्या सेल काढायला हात वर करतात, पण काढण्याआधी मला विचारतात, "नक्की कुणी नाही ना रे?"

मला उत्तर देता येत नाही. मी जीव मुठीत धरून ऐकत राहतो.