उत्तराची जागा

"मानांग ताई, बघ! पाऊण तासाची जपमाळ वीस मिनिटांत बसवली." डिओनीने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मधली शांतता सगळी उडवली. एक बटण दाबलं की झालं."

मी हेडफोन कानाला लावला. लोला कॉन्सिंग, आम्हा सगळ्यांची आजी, प्रार्थनेतला आपला अर्धा भाग म्हणत होती, आणि तो संपतो न संपतो तोच पुढचा मणी सुरू.

"अरे, मग घरच्यांनी कधी म्हणायचं?"

"कोण घरचे?"

"ज्यांच्या घरचं माणूस गेलंय ते! अर्धी प्रार्थना तिची, उरलेली त्यांची. ती शांतता त्यांची होती, बाबा."

त्याने जीभ चावली. मूळ रेकॉर्डिंग त्याने सकाळीच पुसलं होतं.

आमच्या बेटावर मयताच्या घरी सलग नऊ संध्याकाळी लोलाच जपमाळ सांगायची. बुधवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता, आणि आताही डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली होती. चर्चमागच्या या खोलीत जे टिपलं गेलं, तेवढंच उरणार होतं.

"रिकामी जागा घालता येते की," डिओनी हळूच म्हणाला. त्याने घातली. ऐकलं, तर खोलीचा आवाजही तुटत होता; प्रत्येक मण्यानंतर लोला दार ओढून निघून गेल्यासारखी वाटत होती.

शेवटी आवाज तपासायला घेतलेला तुकडा सापडला. त्यात लोला नुसती बसली होती. पंख्याची घरघर, तिचा श्वास, लांबून जाणारी एखादी होडी. ते मौन कापून प्रत्येक मण्यामागे जोडायचं ठरलं. पण केवढं?

"मी उत्तर म्हणतो, तू मोज," म्हणत डिओनी भरभर सुटला.

"तुझ्या या वेगाने मयतच उठून मागे धावेल, 'थांब रे, मला येऊ दे' म्हणून!"

मग मीच म्हटलं, रोज पहाटे म्हणते तसं, आणि आमेन संपलं तिथपर्यंत जागा सोडली.

दुपारी लोला आली. डिओनीने आशीर्वादासाठी वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला, खुर्ची दिली. पहिल्या मण्यानंतर ती सवयीने गप्प राहिली. दुसऱ्या मण्यानंतर तिचे ओठ हलले. जन्मभर जिने फक्त सुरुवात केली, ती आज उत्तर देत होती. पण ओठ अजून हलत असतानाच पुढचा मणी सुरू झाला. तिने हात वर केला. स्पीकरकडे बोट दाखवलं, मग डोळ्यांखालून गालांवर बोटं ओढली.

रडणाऱ्या माणसांना वेळ लागतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणजे पुन्हा पाऊण तास!" डिओनी म्हणाला.

लोलाने त्याला टपली मारली आणि आपली माळ त्याच्या हातात ठेवली. म्हणजे, आता उत्तर तू म्हण.

त्याने सुरुवात केली. या वेळी घाई नव्हती. लोलाच्या गळ्याकडे नजर गेली तसा त्याचा स्वर मध्येच अडकला. त्याचं आमेन पुरं होईपर्यंत मी थांबले, आणि तेवढी जागा धरली.