माळाच्या पाटीवरचं चित्र

मी पाट्या रंगवतो. माळाच्या फाटकावर लावायच्या पाटीत एकच चित्र मावणार होतं, आणि त्यावरून बायको नि मेव्हणीनं सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं. बायको रानफुलांची अभ्यासक, मेव्हणी अळंब्यांची.

"फूलच काढ. अख्ख्या माळावर हे एकच झाड उरलंय," असं म्हणत बायकोनं मुळं-मातीसकट खणून आणलेलं झाड माझ्या टेबलावर आदळलं. ताज्या रंगावर माती सांडली.

"माझी अळंबीही एकाच जागी उगवते, भाऊजी," मेव्हणी ठसक्यात म्हणाली. "पण मी वरची छत्री तेवढी खुडली. खाली मातीत तिचं पांढऱ्या धाग्यांचं जाळं शाबूत आहे. ताईसारखा सत्यानाश नाही केला."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला.

"कुठे आहे ती जागा?" मी वैतागून विचारलं.

उत्तर द्यायला मेव्हणीनं तोंड उघडलं, आणि तिची नजर टेबलावरच्या ढेकळावर गेली. मुळांभोवती पांढरे धागे लोंबत होते.

"या झाडाच्या बुंध्याशीच," ती पुटपुटली.

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच कुदळ मारली होती. मी हिरव्या रंगाचा डबा उघडला आणि पाटीभर नुसतं गवत रंगवलं.