सही कुणाच्या खिशात

संस्थेच्या कीबोर्डवर रोज सकाळी धुळीचा थर बसलेला असायचा. खिडकीला काच होती, पण त्या उन्हाळ्यात लाकडी चौकट वाळून आकसली होती आणि फटीतून धूळ आत यायची. दुधाच्या नोंदी उजवीकडच्या आकड्यांवर होत, त्यामुळे तेवढा भाग गुळगुळीत झाला होता. डावीकडच्या कळांवर बोटानं रेघ ओढता येई. फक्त चार कळा कायम स्वच्छ दिसत : एम, एच आणि वरच्या ओळीतले दोन आणि तीन. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मोटारसायकलच्या पाटीची सुरुवात अशीच होते. या चार कळा म्हणजे आमच्या महिला दूध संस्थेचा पासवर्ड. तो ओळखायला कुणाला शिक्षणाची गरज नव्हती, धूळ पुरेशी होती.

मी या संस्थेची सचिव. चकलांब्याच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. लग्न होऊन आले तेव्हा गावात बी.एस्सी. झालेली सून मी एकटीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. सभासद सगळ्या बायका, अध्यक्ष बायनाबाई. कागदावर तरी असंच होतं. कारभार बायनाबाईंचे मालक आप्पा बघायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मला वाटायचं. दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीत एकच विषय मांडत होते. संगणक सुरू झाल्यावर सगळ्या यंत्राचा ताबा एक मूळ प्रोग्रॅम घेतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. समोर बसणाऱ्याला तो दोन गोष्टी विचारतो. तू कोण? आणि तुला काय काय करायची परवानगी आहे? आमच्या यंत्राला पहिल्या प्रश्नाचं एकच उत्तर ठाऊक होतं, 'ॲडमिन'. मी बसले तरी ॲडमिन, आप्पा बसले तरी ॲडमिन, आप्पांचा पाहुणा क्रिकेट बघायला बसला तरी ॲडमिन. ॲडमिनला सगळीच परवानगी असते, त्यामुळे दुसरा प्रश्न विचारायची वेळच यंत्रावर येत नव्हती. प्रत्येकीचं खातं वेगळं असावं, पासवर्ड जिचा तिलाच माहीत असावा आणि अध्यक्षांची डिजिटल सही अध्यक्षांकडे असावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

"पुढच्या मीटिंगला बघू," बायनाबाई म्हणायच्या, आणि आप्पांकडे बघायच्या. मग चहा यायचा.

ही डिजिटल सही म्हणजे निळ्या रंगाचा पेनड्राइव्हसारखा तुकडा. सगळे त्याला डोंगल म्हणत. तो यंत्राला लावून पिन टाकली की अध्यक्षांची सही झाली, कायद्यानं पक्की. आमच्या अध्यक्षांची सही आप्पांच्या गाडीच्या चावीला अडकवलेली असायची. गाडी गेवराईला गेली की सहीही गेवराईला जायची.

त्या सकाळी दुधाचं माप आटोपलं होतं आणि लाइट गेलेली होती. मी कीबोर्ड पुसत होते. आप्पा आले, सोबत टँकरवाला गहिनीनाथ. गहिनीनाथाचे टँकर महामार्गाच्या कामावर पाणी टाकायचे.

"म्याडम, लाइट कवा येनार?" आप्पांनी विचारलं.

"अकरापर्यंत येईल."

"आली की एक काम करायचं. ह्याच्या कंपनीला आपल्या बोअरचं संमतीपत्र द्यायचं हाय. ऑनलाइन हाय सगळं. पावसाळ्यापस्तोर पानी ह्यांचं."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हा बोअर बायकांनी आपापल्या दुधाच्या पैशातून पाडला होता. गावातले बाकीचे बोअर आटले होते, हा एक चालत होता. त्याच्यावर संस्थेचा हौद भरायचा आणि सभासदांच्या दुभत्या म्हशी-गायी दोन वेळा तिथं पाणी प्यायच्या. हौद कोरडा पडला तर जनावरं बाजारात जाणार होती. मग दूध कुठलं आणि संस्था तरी कुठली.

"बायनाकाकूंना विचारलंत का?"

गहिनीनाथ हसला. आप्पांनी चावीचा जुडगा बोटावर फिरवला. "तिला काय इचारायचं? सही माझ्या खिशात हाय."

"सही त्यांची आहे, आप्पा. त्या समोर असल्याशिवाय मी डोंगल लावणार नाही."

"आता ही नवीन नाटकं कावून काढली?"

"नवीन नाहीत. दोन वर्षं सांगतेय."

"अगं पोरी, कम्प्युटरला काय कळतंय का, समोर बाई बसली का बाप्या?" आप्पा खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले. पडदा काळाच होता. "तू नको लावू. माझं मी लावतो. लाइट येऊ दे."

गहिनीनाथ म्हणाला, "आप्पा, तुमाला टायपिंग येतंय व्हय?"

"चार बटनं येतात. तेवढी बास हायेत."

दोघं हसले. मला राग याचाच जास्त आला, की आप्पांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. यंत्राला कळत नाही. ते माणूस बघत नाही, पासवर्ड बघतं. त्यांना अडवणं मला अवघड नव्हतं. लाइट आल्यावर दोन मिनिटांत पासवर्ड बदलून मी त्यांना बाहेर ठेवू शकले असते, कारण माझ्याकडेही तीच ॲडमिनची परवानगी होती. पण बैठकीच्या ठरावाशिवाय पासवर्ड बदलला असता तर मी तरी वेगळं काय केलं असतं? करता येणं आणि करायचा हक्क असणं यातला फरकच तर मी दोन वर्षं सांगत होते. हक्क एकाच बाईचा होता, आणि ती त्या वेळी गावाबाहेरच्या चारा छावणीत होती.

मी पदर डोक्यावर घेतला आणि चालत निघाले.

छावणीच्या फाटकाशी हजेरी चालू होती. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर काळ्या रेघा. छावणीचा माणूस मोबाइल धरून प्रत्येक बिल्ला टिपायचा, आणि जेवढे बिल्ले तेवढा चारा. बायनाबाई आपल्या दोन बैलांना आणि एका भाकड गायीला धरून रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यापुढे बंकट होता. बंकटकडे बैल एकच, पण हातात तारेत ओवलेले बिल्ले होते, जपमाळेसारखे. तो एकेक बिल्ला पुढे करत होता आणि मोबाइल टुक टुक वाजत होता.

"बंकटा, तुझी गुरं लई गुणाची," मागून छबुबाई म्हणाली. छबुबाई आमची सभासद, तोंडानं फटकळ. "शेन न्हाई, मूत न्हाई. नुसती तारेवर लटकतेत."

"तुला काय करायचंय, छबू? मशीन हो म्हनतंय ना?"

"मशीनच्या बापाचं काय जातंय. चारा आमच्या वाटचा जातोय."

रांगेतले लोक हसले. बायनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय गं, शिवकन्या? उन्हाची का आलीस?"

मी सांगितलं. बोअर, गहिनीनाथ, संमतीपत्र, अकराची लाइट. बायनाबाईंचा हात गायीच्या मानेवर होता, तो तिथंच थांबला.

"बोअर? आपला?"

"आपलाच."

"मला तर काय बोलले न्हाईत."

"बोलायची गरज नाही त्यांना. तुमची सही त्यांच्याकडे आहे. ती यंत्राला लागली की तुम्ही स्वतः संमती दिली असंच धरलं जातं. उद्या बायकांनी विचारलं तर कागदावर नाव तुमचंच निघेल."

"पन मी तर हितं उभी हाय."

मी उत्तर शोधत होते. ऑथेंटिकेशन, म्हणजे समोरचा माणूस तोच आहे याची खातरजमा, हा शब्द मला येत होता, पण तो इथं काही कामाचा नव्हता. छबुबाईनं बंकटच्या हाताकडे बोट केलं.

"बायना, अगं तसंच हाय ते. बिल्ला तुझ्या कानातला, लटकतोय आप्पाच्या तारेला. मशीन टुक करतंय. तू हायेस का न्हाईस, कोन बघतंय?"

बायनाबाई बराच वेळ बंकटच्या तारेकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग ताठ झाला. गायीचा बिल्ला टिपून झाला, बैलांचे झाले, चाऱ्याची ओझी आली. शेवटी त्यांनी दावी छबुबाईच्या हातात दिली.

"ही गुरं बघ. मी आले."

रस्त्यानं त्या माझ्या पुढे चालत होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं. बाभळीखाली थांबून त्यांनी विचारलं, "मी डोंगल मागितलं, आन त्यांनी दिलं न्हाई तर? मी काय खिशात हात घालू? चार मानसांत?"

"काकू, घालायची गरज नाही. डोंगल हातात नसला तरी सही रद्द करता येते. एकदा रद्द झाली की त्यांच्या चावीला लटकलेलं ते नुसतं प्लॅस्टिक. कुठंही लावलं तरी यंत्र नाही म्हणेल."

"आन रद्द कोन करनार?"

"अर्ज फक्त तुमचा चालतो. आठवतंय, सही काढताना तुम्हाला मोबाइलसमोर उभं करून नाव सांगायला लावलं होतं? तसंच परत करावं लागेल. तिथं पिन चालत नाही, चावी चालत नाही. तोंड तुमचंच लागतं."

"तवा मी म्हनलं, कशाला गं हे," बायनाबाई म्हणाल्या. "ते म्हनले, अनुदानाला लागतंय, बोल नाव. मी बोलले." त्यांनी पदरानं मान पुसली. "शिवकन्या, तुझं बरं हाय. तू सांगून घरी जातीस. मला संध्याकाळी त्यांच्याच ताटात भाकरी वाढायची हाय."

"ते खरं आहे, काकू," मी म्हणाले.

"दोन साल तू म्हनत होतीस," त्या पुन्हा चालायला लागल्या. "मला वाटायचं, पोरीला शिक्षनाचा लई नाद. वेगळी खाती काय, पासवर्ड काय. आमच्यात घराला कुलूप लावलं तरी चावी वळचनीला ठेवत्यात. कोन कुनापासून लपवतंय?"

"चावी घरातल्यांसाठी ठेवतात, काकू. घर विकायला नाही."

त्यांचं चालणं वाढलं.

संस्थेपाशी पोचलो तेव्हा हौदावर तीन-चार बायका म्हशी पाजत होत्या. बोअरची मोटार सुरू झालेली ऐकू आली, म्हणजे लाइट आली होती. मी पळतच आत गेले. पडद्यावर संमतीपत्र उघडलेलं होतं. आप्पा एका बोटानं काही तरी शोधत होते आणि गहिनीनाथ त्यांच्या खांद्यावरून बघत होता. डोंगल यंत्राला लावलेला होता, त्यातून चावीचा जुडगा खाली लोंबत होता.

"ह्या बघ, आल्या सचिव म्याडम," आप्पा वळून म्हणाले, मग माझ्यामागे बायनाबाई दिसल्या. "तू कावून आलीस? गुरं कुनाकडं हायेत?"

"छबूकडं."

"जा मग. हितं काय काम न्हाई तुझं."

"माझ्या सहीचं काम चाललंय म्हनं."

गहिनीनाथनं खोकल्यासारखं केलं. "वहिनी, नुसती फॉर्मालिटी हाय. पावसाळ्यापस्तोर."

"गहिनीभाऊ, तवर म्हशी काय फॉर्मालिटी पितील?"

हौदावरच्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकीनं विचारलं, काय झालं. दुसरीनं सांगितलं, बोअर चाललाय. आप्पांना ते आवडलं नाही. घरातली गोष्ट दारात आली होती.

"हे बघ," ते आवाज खाली आणून म्हणाले, "घरी बोलू. तुला ह्यातलं काय कळतंय का? ह्या डोंगलची पिन तरी ठाव हाय का तुला?"

"न्हाई."

"मग?"

बायनाबाईंची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती. 'पुढच्या मीटिंगला बघू' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की आताही तेच ऐकू येणार असं धरून मी उभी होते, आणि मला त्यांचा नाही, या सगळ्या व्यवस्थेचा संताप आला होता. एका बाईची सही काढायची, तिला तिचीच पिन सांगायची नाही, आणि मग पिन माहीत नाही म्हणून तिलाच अडाणी ठरवायचं.

आप्पांनी डोंगल यंत्रातून ओढून काढला. जुडगा शर्टाच्या वरच्या खिशात टाकला आणि छातीवर थाप मारली.

"घे. पायजे ना तुझी सही? काढून घे. ह्या बायकांसमोर काढ खिशातून."

दारातल्या बायका खाली बघायला लागल्या. गहिनीनाथ खिडकीकडे वळला.

बायनाबाईंनी हात पुढे केला नाही. त्या यंत्राला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि तिथली मोकळी खुर्ची ओढून बसल्या. त्या खुर्चीवर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याच खिशात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शिवकन्या, मोबाइल धर माझ्यापुढं. माझी सही रद्द कर. नवी निघंल ती माझ्याजवळ ऱ्हाईल. आन बोअर द्यायचा न्हाई."