अळणी भेंडी

"खोटं बोलतीस! मीठ घातलंस तू!" सखानं भेंडीचं ताट पुढं ढकललं.

"घातलं आसंल तर हातात किडं पडतील माज्या!" मैना चुलीकडून कडाडली. "तुमीच वरच्या आळीतल्या धोंडूबाईकडं जाऊन सुकट खाता. म्हून सूज उतरत नाय."

दहिवलीत आमची घरं लागून, तेव्हा त्यांचं भांडण ऐकायला मला उठावं लागत नसे. पण त्या दिवशी मैनेनं हाक मारली, "अण्णा, तुमी पोथ्या वाचता. आज तुमीच बसा चुलीपाशी नि बगा."

पोथी वाचणं वेगळं आणि नवराबायकोचा निवाडा करणं वेगळं. मला ते जमेलसं वाटेना. तरी गेलो.

सखाचं मूत्रपिंड बिघडलं होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं, सुकट तोडली. परसातली भेंडी नि दुधी खा म्हणाले. श्रावण गेला, भादवा सरत आला. भेंडी खाऊन सखा विटला, पण पावलं तशीच फुगलेली. बोट दाबलं की खळगा पडे. लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडायला लागलं होतं. कापणीला उभं कोण राहणार? त्याच धास्तीनं दोघं एकमेकांना फाडून खात होती.

मैनेनं मिठाचं मडकं मुद्दाम माझ्या मांडीशी आणून ठेवलं. माझ्यादेखत भेंडी चिरली, तेलात टाकली, वर मिरची टाकली. भेंडीला तार सुटली तसं बाटलीतलं कोकमाचं आगळ ओतलं.

"चिकटा मरायला," ती म्हणाली.

मी चाखली. खारट. वाटलं, आपलीच जीभ म्हातारी झाली. पुन्हा चाखली.

"मैना, आगळ कसं करतेस गं?" मी भीत भीत विचारलं.

"कसं म्हंजे? कोकमं घ्याची, मिठात मुरव..." ती थांबली. हातातला डाव तसाच राहिला.

सखा भिंतीला धरून उठला. "म्हयनाभर मला चोर म्हनलीस!"

"आन् मला खोटारडी कोन म्हनत व्हतं?"

"म्हंजे गिळलं त्ये समदं फुकट?"

मैनेनं दुसरी भेंडी चिरायला घेतली.

"चिंच घालते."

"चिंचेचा गोळा तू मीठ लावून थापलास, चैतात."

"कैरीच्या फोडी?"

"त्या खारातल्या! आगं, बिनमिठाचं आंबट कायच नाय का घरात?"

"भादव्यात कुठनं आनू?"

मग तशीच शिजली ती. सखानं घास उचलला. ताटापासून ओठापर्यंत तार लोंबली.

"शेंबूड हाय गं निस्ता."

"गिळा."

त्यानं डोळे मिटून गिळला. जरा वेळानं ताट पुढं केलं.

"वाढ आनखी. पन तोंड तिकडं कर. बगत बसू नको माज्याकडं."