एदेल्मिराबाईनं खेळ चाखला

बस हितं, चुलीजवळ सरक. वारा असा आहे तोवर होडी काय सुटत नाही. तेवढ्यात तुला आमच्या बेटावरच्या एदेल्मिराबाईची गोष्ट सांगतो. शाळेची स्वयंपाकीण. एकतीस वर्षं बटाटे सोलले, दुसरं काही केलं नाही. पण अशी बाई मी दुसरी बघितली नाही.

झालं काय, शाळेत टॅबलेट आले आणि पोरांना एक खेळ सापडला. ठोकळे रचायचे, डोंगर करायचे, घरं बांधायची. दोन हिवाळे खपून पोरांनी आत अख्खं गाव उभं केलं. माझी नात यास्ना तर जेवतानापण तिथंच. पालकांच्या बैठकीत मीच ओरडलो, "पुसून टाका ते! पोरं येडी झाली." निम्मी बैठक माझ्या बाजूनं. यास्ना दारात उभी राहून रडत होती.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यातलं कुणी खेळून बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, पोरांच्या पोटात जाणारं सगळं आधी एदेल्मिराबाई चाखते, हेही तिलाच चाखू द्या. रविवारी ती सांगेल ते खरं.

"मी? मला त्यातलं काय कळतंय?"

"बरंय की," मी म्हणलं, "लगेच चीड येईल तुला."

"रेमिहियो, तुला बघून एकतीस वर्षं चीड येतीय. म्हणून तुला पुसून टाकला का?"

मग रोज भांडी झाली की बाई चष्मा लावून बसायची. पहिल्या दिवशी खड्ड्यात पडली. दुसऱ्या दिवशी घर बांधलं, ते अगदी समुद्राला चिकटून. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हितं भरतीचं पाणी शिरेल, टेकडीवर नेऊ. आता आमच्याकडं घर न्यायचं तर मोडत नाहीत. खाली ओंडके, पुढं बैल, सगळा गाव दोराला, आणि घर अख्खं ओढायचं. मिंगा म्हणतो आम्ही. बाईनं खेळातल्या दोन गायी आणून घरापुढं उभ्या केल्या आणि वाट बघत बसली. अर्धा तास! गायी आपल्या गवत खातायत.

यास्ना हसली नाही. "बाई, हितं घर ओढता येत नाही. थांबा, मिंगा लावते."

हाक मारली. नऊ पोरं आपापले टॅबलेट घेऊन धावली. एकेक ठोकळा काढला, वर नेला, होता तसा रचला. खिडकीतलं लाल फूल त्याच खिडकीत. ज्या दोघांची रोज मारामारी, ते मिळून जिना लावत होते. मी नातीला न्यायला आलेलो, दारातच खिळलो.

"आता जेवण!" पोरं ओरडली. मिंगा झाली की मालकिणीनं सगळ्यांना जेवू घालायचं, हा आमचा कायदा. बाई उठली आणि खरेखुरे बटाटे किसायला बसली. मलाही किसणी दिली. "उभा काय राहिलास खांबासारखा?"

रविवारी बैठकीत ती म्हणाली, "मीठ जरा जास्त पडलंय. अनोळखी माणसं आत येऊन बोलतात, ते दार बंद करा. हे विकत घ्या, ते विकत घ्या म्हणतं, त्याला मास्तरीणबाईंनी कुलूप घालावं. जेवताना टॅबलेट दिसला तर रश्श्यात बुडवीन. बाकी चांगलं शिजलंय. तिथं त्यांना मिंगा करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. द्या पोरांना."

पहिला हात माझा वर गेला. गाव राहिलं.

गेल्या वर्षी बाईचे गुडघे गेले, मुलानं तिला पलीकडं पुएर्तो मोंत शहरात नेलं. टेकडीवरचं घर आहे तसंच आहे. पोरं सांगतात, खिडकीत दिवा ठेवतात.

तुला लिहिता येतं ना नीट? पोरांना एक चिठ्ठी लिहून दे. नातीला तोंडानं विचारायची लाज वाटते मला. लिही, रेमिहियोला आत यायचंय. बाईच्या घराशेजारी जागा आहे का, तेवढं विचार.