बॉनेटवर कोण बसणार?

भिमाजींचा ट्रॅक्टर पुढनं हातभर उचलला गेला, तेव्हा डबा घेऊन आलेली त्यांची सून मोनाली बांधावरनं धावतच खाली आली.

न्हावऱ्याच्या त्या रानात कालव्याच्या चारीचं पाणी शिरलं होतं आणि उसानं गच्च भरलेली ट्रॉली चिखलात रुतून बसली होती. भिमाजींनी ट्रॅक्टर सोडवून पुढं कोरड्यात उभा केला आणि लांब साखळीनं ट्रॉली ओढायला घेतली. साखळी चिखलात घासू नये म्हणून बांधली ती ट्रॅक्टरच्या मागं पार वर, सीटखालच्या पिनला. ट्रॉली काही हलेना, उलट ट्रॅक्टरच घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहायला लागला.

"माऊली, चढ बॉनेटवर," भिमाजींनी ट्रॅक्टर बंद करून धाकट्या लेकाला फर्मावलं.

पुढनं हलकं होतंय ना, मग बसवा माणूस. ही आमच्याकडची रीत. एकानं केलं की गावानं करायचं, आणि कुणाचं हाडबीड मोडलं की नशिबाला बोल लावायचा. नशीब बिचारं काय बोलणार!

माऊली पोलीस भरतीची तयारी करणारा, अंगानं दणकट. तो निघालाही. मोनालीनं त्याचा दंड धरला.

"मामा, याला नका बसवू. ट्रॅक्टर उलटला तर हा खाली सापडंल, आन् तुम्हीबी."

ऊसतोडीची टोळी कोयते थांबवून बघायला लागली. सून सासऱ्याला भर रानात अडवते, असा तमाशा फुकटात कुठं मिळतो?

"तुझा जन्म न्हवता तवापास्नं मी ट्रॅक्टर हाकतोय," भिमाजी म्हणाले.

"व्हय, पण साखळी वर बांधलीय तुम्ही. माणसाला खांद्याला धरून मागं ओढलं तर तो उताणा पडतो. घोट्याजवळ धरून ओढलं तर न्हाई पडत. जोर किती लावला एवढंच बघून भागत न्हाई मामा, तो लागतो कुठं तेबी बघावं लागतं. साखळी चाकांच्या आसाखाली, खालच्या हूकला बांधा."

"ही तुझी केडगावची साळा न्हाई. नववीच्या पोरांना शिकव जा."

टोळीतलं कुणीतरी खुदकन हसलं. मोनालीच्या कानशिलांची आग झाली. वर्गात हीच आकृती तिनं फळ्यावर कितीदा काढली होती, पोरांनी माना डोलावल्या होत्या. इथं तिच्या दिराच्या जिवावर बेतलं होतं आणि तिचं म्हणणं म्हणे शाळेत ठेवायचं. एरवी ती गप्प बसली असती. सासरी गप्प बसायची सवय तिला चांगली लागली होती. आज मात्र तिला त्या सवयीचाच राग आला.

तिनं डबा बांधावर ठेवला, पदर खोचला, तिथंच पडलेलं रिकामं पोतं उचलून तापलेल्या बॉनेटवर टाकलं आणि चाकावर पाय देऊन सरळ वर जाऊन बसली.

"वजनच पाहिजे ना? मी बसते. करा चालू."

"वहिनी, उतरा," माऊली कळवळला.

"तू गप ऱ्हा." तिनं सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "काय होत न्हाई म्हणता ना मामा? मग फिरवा चावी."

भिमाजींचा हात चावीवर गेला आणि तिथंच अडकला. कुणी हसेना.

"उतर म्हणतो ना."

"का म्हणून?"

"आगं, उलटला म्हंजी?" ते एकदम ओरडले.

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी माऊलीकडं बघितलं.

"साखळी खाली बांधल्याबिगर मी उतरायची न्हाई," मोनाली म्हणाली.

भिमाजी खाली उतरले. पिन काढून त्यांनी चिखलात गुडघे टेकले आणि साखळी स्वतःच्या हातानं खालच्या हूकला अडकवली. मोनाली उतरून माऊलीला घेऊन लांब बांधावर उभी राहिली. ट्रॅक्टर घुमला. पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली, आणि ट्रॉली करकरत, नाइलाजानं का होईना, निघाली.

रस्त्याला लागल्यावर भिमाजींनी ट्रॅक्टर थांबवला.

"झाली न्हवं तुझी शिकवणी?" ते समोर बघतच म्हणाले. "घरी जाऊन च्या ठेव आता."

"ठेवते की," मागनं चालत आलेली मोनाली डबा त्यांच्या हातात देत म्हणाली. "पण हितनं पुढं जवा बॉनेटवर कुणाला चढवाल, तवा आधी मला बोलवायचं. ती जागा आता माझी हाय."