कॅमेरा चालूच राहील

मी एक जुना वेबकॅम आहे. नखाएवढी काच, संगणकाला पकडून बसायला एक चिमटा आणि हातभर काळी वायर, एवढाच माझा देह. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा उसासे टाकतात. मी टाकणार नाही. मला जे सहन होत नाही ते मी सरळ सांगणार आहे.

एका कारखान्यात माझी काच घासून गुळगुळीत केली गेली आणि तिच्यामागे प्रकाश टिपणारी चकती बसवली गेली. समोर पडलेल्या प्रकाशाचे मी आकडे करतो आणि ते वायरीतून पाठवतो. पडद्याकडे माझी पाठ असते, पण वायरीने संगणकाशी जोडलेला असल्यामुळे तिथे चाललेलं सगळं मला कळतं.

पेडण्याच्या बाजारातून मला हळर्णच्या कृष्णनाथने आणलं. तो नोकरदार माणूस. घरून काम करायचे दिवस होते. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली अर्धी चड्डी घालून तो मीटिंगला बसे. साहेबांचं भाषण लांबलं की बायकोची टिकली माझ्या डोळ्यावर चिकटवी आणि चहात उंडो पाव बुडवून खाई. "नेटवर्क नाही सर, म्हणून कॅमेरा बंद आहे," असं सांगे. पुढे त्याने नवा लॅपटॉप घेतला. त्याला स्वतःचा कॅमेरा होता. मी टिकलीसकट बटणांच्या डब्यात जाऊन पडलो.

तो डबा त्याच्या धाकट्या बहिणीचा, गौरवीचा. गौरवी शिवणकाम करते. ती जन्मापासून बहिरी आहे आणि तिची भाषा हातांची आहे. हूक शोधताना तिला मी सापडलो. तिने टिकली नखाने सोलली, काच पदराने पुसली आणि मला आपल्या संगणकावर बसवलं.

त्या दिवसापासून मला खरं काम मिळालं. पाळी गावाहून सिद्धी पडद्यावर आली. ती सांकेतिक भाषेची दुभाषी. बोललेलं ती हातांनी सांगते आणि हातांनी सांगितलेलं बोलून दाखवते.

"गौरवीताई, तुझ्या मागे खिडकी आहे. तू मला नुसती सावली दिसतेस," तिने हातांनी सांगितलं.

गौरवीने टेबल फिरवलं. उजेड समोरून घेतला, मागे बिनफुलांचा गडद निळा कपडा टांगला आणि मला थोडं मागे सरकवलं. बाकीच्यांना चौकटीत चेहरा आला की पुरतं. हिला डोक्यापासून कमरेपर्यंत आणि दोन्ही कोपरांच्या बाहेरपर्यंत जागा लागते. चौकटीबाहेर गेलेलं बोट म्हणजे गिळलेला शब्द.

आता तिच्यापुढे काय प्रश्न होता ते सांगतो. गौरवी ज्या महिला शिवण संस्थेत काम करते, तिचं हळर्णला प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या मुख्य शिक्षिका अंकिता लग्न होऊन गेल्या. कापडाची कठीण बेतणी आली की सगळ्या गौरवीकडेच धाव घेत. तिने त्या जागेसाठी नाव दिलं. दुसरं नाव मंजुळाचं होतं. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांतल्या सभासदांनी ऑनलाइन सभेत दोघींचं म्हणणं ऐकायचं आणि मत द्यायचं, असं ठरलं.

पहिल्या सभेत सगळे एकदम बोलले. अध्यक्ष दत्तप्रसाद यांनी हिशेबाची चित्रं पडद्यावर लावली आणि सिद्धीची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली. तिला मध्ये श्वास घ्यायलाही कोणी थांबलं नाही. मग नेटवर्क अडखळलं आणि दत्तप्रसाद म्हणाले, "सगळ्यांचे कॅमेरे मी बंद करतो. आवाज आला म्हणजे झालं."

माझा डोळा मिटला. सिद्धीचे हात गेले आणि तिचा आवाज गलक्यात बुडाला. गौरवी काळ्या पडद्याकडे बघत बसली. तिची पाळी आली आणि गेली, तिला कळलंही नाही. "गौरवीला काही सांगायचं नाही," असं म्हणून अध्यक्ष पुढे सरकले. त्या दिवशी मतदानापुरते सभासद नव्हते, म्हणून मतदान तेवढं पुढच्या सभेवर राहिलं.

गौरवी रडली नाही. तिने रागाने एक अख्खी बाही उसवली, पुन्हा शिवली आणि मग अध्यक्षांना लिहिलं. दुभाषी दोन असतील, सिद्धी आणि अजय, आलटून पालटून. हात आणि डोकं दोन्ही थकतात. त्यांची चौकट पडद्यावर मोठी आणि एका जागी राहील. एका वेळी एकानेच बोलायचं, आधी आपलं नाव सांगून. चित्रं आणि कागद आदल्या दिवशी पाठवायचे.

दुसऱ्या सभेत दत्तप्रसाद म्हणाले, "सिद्धी, तिला सांग, हे अटींचं पत्र लग्नाच्या याद्यांसारखं झालं."

"तुम्ही थेट तिच्याशीच बोला, दत्तबाब. मी फक्त पोचवते," सिद्धी म्हणाली.

थोडा वेळ सगळं नीट चाललं. गौरवीने बोलायला हात उचलले आणि नेटवर्क पुन्हा लंगडलं.

"कॅमेरे बंद," अध्यक्ष म्हणाले, आणि माझा डोळा पुन्हा मिटला.

या वेळी गौरवी बसून राहिली नाही. सभेच्या पडद्यावर तिने टाइप केलं, "माझा कॅमेरा बंद करणं म्हणजे माझ्या तोंडावर हात ठेवणं. नेटवर्क वाचवायचं असेल, तर जे तोंडाने बोलतात त्यांनी आपले कॅमेरे बंद करावेत. माझा आणि दुभाष्यांचा चालू राहील. नाहीतर नोंद करा, गौरवीला बोलू दिलं नाही."

मग मोरजीच्या शेवंतीकाकींचा आवाज आला. त्या संस्थेतल्या सगळ्यांत जुन्या.

"मी शेवंती बोलतंय. दत्ता, तुझो चेहरो आमी रोज बघतो. तो नाय दिसलो म्हणून कोणाचा काय अडणा नाय. तुझो कॅमेरो बंद कर आणि ह्या चेडवाचो, गौरवीचो उघड."

कोणीतरी फसकन हसलं. अध्यक्षांचा चेहरा पडद्यावरून गेला. माझा डोळा उघडला, दुभाष्यांची चौकटही परत आली. चालू कॅमेरे थोडेच उरल्यामुळे चित्र लख्ख झालं. ही साधी गोष्ट पहिल्याच सभेत करता आली असती.

गौरवी बोलली. ती मुलींना कसं शिकवेल ते सिद्धीच्या आवाजातून सगळ्यांनी ऐकलं.

मंजुळाने विचारलं, "मी मंजुळा. मुली तुला हाक कशी मारणार?"

"टेबलावर थाप मारतील. लाकूड हादरलं की मला कळतं. आणि न विचारता कापड कापणारी मुलगी मला पाठ फिरवूनही ओळखता येते, कात्रीही टेबल हादरवते."

"ता मात्र खरा," शेवंतीकाकी म्हणाल्या.

मतदानाची वेळ आली. दत्तप्रसाद म्हणाले, "कॅमेरे बंदच असूदेत. मत तोंडी सांगा, मी लिहून घेतो."

"नाही," गौरवीचे हात म्हणाले. "मत माझ्याबद्दल आहे. ते मला दिसलं पाहिजे. एकेकीने कॅमेरा उघडावा आणि मी हवी असेन तर हात वर करावा. वेळ लागला तर लागू दे."

एकेक चौकट उजळत गेली. पिठाचे हात, बांगड्यांचे हात, अंगठ्यावर सुईची टोचणी असलेले हात. निम्म्याहून अधिक वर गेले. मंजुळाने आपलं मत स्वतःलाच दिलं आणि ते लपवलं नाही. शेवटी दत्तप्रसादांची चौकट उघडली. त्यांचा हात खालीच होता. गौरवीने तोही नीट पाहिला आणि मान डोलावली. समोर येऊन केलेला विरोध तिला चालतो.

आता गौरवी मुख्य शिक्षिका आहे. मित्रांनो, माझी काच आता थोडी पिवळी पडली आहे, चिमटाही सैल झाला आहे. माझ्यावर दया करा असं मी म्हणत नाही. पण सभा भरवाल तेव्हा कोण डोळ्यांनी ऐकतं ते आधी विचारा. उजेड समोरून द्या, दुभाष्याला विसावा द्या, एका वेळी एकच बोला. एवढं जमत नसेल, तर सभा पुढे ढकला. कोणाला वगळून ती उरकू नका. आणि मला बंद करायचं बटण ज्याच्या हाताशी असेल, त्याने एवढं ध्यानात ठेवावं की या घरात ते पुन्हा चालू करणारी बाई बसली आहे.